बघणारा वेगळा, वाचणारा वेगळा

"...आणि शून्य आलं तर?"

केंकरे मॅडमनी सोडियमच्या दिव्याचं बटण दाबलं. आधी काहीच झालं नाही. मग दिवा आतून लालसर झाला.

"दहा मिनिटं लागतील," त्या म्हणाल्या. "बस."

अभिनंदन मगदूम बसला नाही.

दुपारचा दीड वाजला होता. आमच्या संस्थेच्या तिसऱ्या मजल्यावर, मी सांभाळतो त्या रसायनांच्या कोठारामागे, एक बिनखिडकीची खोली आहे. आत प्रकाश किती वळतो ते मोजणारा एक जुना पोलारिमीटर, दोन स्टुलं आणि दाराला काळा पडदा. तळमजल्यावर नवीन यंत्र आलं, ते आकडा आपणहून छापून देतं. पण शेवटचा आकडा मॅडम याच खोलीत घेत. नव्या यंत्रापाशी माणूस एकटा बसू शकतो, एवढीच त्यांची त्याबद्दल तक्रार होती.

भिंतीवर त्यांच्या अक्षरातला एक पुठ्ठा होता. दिवा दहा मिनिटं. आधी कोरी नळी. बघणारा वेगळा, वाचणारा वेगळा. पाच वेळा.

अभिनंदन नव्या मुलांकडून हा पुठ्ठा पाठ करून घ्यायचा. स्वतः त्यानं तो वाचून चार वर्षं झाली असतील.

"शून्य आलं तर काय, विचारतोय मी."

"ऐकलं."

"मग?"

"दिवा तापू दे."

* * *

मधल्या दहा मिनिटांत मागची गोष्ट सांगून टाकतो.

एका झाडाच्या सालीत एक औषधी पदार्थ असतो. पोतंभर साल उकळावी तेव्हा नखावर मावेल एवढा मिळतो. तीस वर्षांपूर्वी तो केंकरे मॅडमनी शोधला. जनावरांवर तपासण्याइतका तो कधी जमलाच नाही. म्हणून तो प्रयोगशाळेत बनवायचं ठरलं आणि ते काम त्यांचा पीएच.डी.चा विद्यार्थी अभिनंदन याच्याकडे आलं.

साडेतीन वर्षं, सतरा पायऱ्या. एका पायरीचा माल पुढच्या पायरीला घालायचा, त्यातला निम्मा हरवायचा, उरलेला पुढे न्यायचा. बादलीएवढ्या मालानं सुरुवात केली आणि शेवटी बोटाएवढ्या बाटलीत तळाला पांढरी पूड उरली.

पोराचा हात चांगला होता, यात वाद नाही. ते त्यालाही ठाऊक होतं आणि ते तो कुणाला विसरू देत नसे. एनएमआरचा, म्हणजे रेणूची घडण दाखवणाऱ्या यंत्राचा, कागद सालीतल्या पदार्थाशी रेघ न् रेघ जुळला, त्या दिवशी त्यानं मजलाभर पेढे वाटले. पोलारिमीटरवर आकडा घेतलास का, असं मी विचारलं. "शितावरून भाताची परीक्षा होते, काका," म्हणाला. मी पेढा खाल्ला आणि गप्प बसलो. त्याबद्दल आजही मला वाईट वाटतं.

त्यातलाच थोडा माल त्यानं परस्पर प्राण्यांवर चाचण्या करणाऱ्या मुजावर मॅडमच्या विभागात दिला. त्यांनी सोमवारी अकरा उंदरांना टोचला. बुधवारी सकाळी त्यातले नऊ मेलेले होते.

आज गुरुवार. चार वाजता मुजावर मॅडमचा अहवाल जाणार होता. पदार्थ विषारी, काम थांबवावं. एकदा तसा शिक्का बसला, की त्या पदार्थाकडे पुन्हा कुणी वळत नाही. केंकरे मॅडमना निवृत्त व्हायला दोन महिने होते.

आता शून्याचं सांगतो. असले रेणू जोडीनं असतात, एक डावा आणि एक उजवा. घडण तीच, फक्त आरशात पाहिल्यासारखी उलटी; एनएमआरला दोन्ही सारखेच दिसतात. झाड त्यातला एकच बनवतं. तो प्रकाशाला डावीकडे वळवतो, दुसरा तेवढाच उजवीकडे. दोन्ही निम्मे निम्मे मिसळले गेले, तर प्रकाश सरळ जातो आणि आकडा शून्य येतो. सालीतल्या पदार्थाचा आकडा या नळीत उणे सव्वा अंश येतो.

म्हणजे उणे सव्वा आलं, तर अभिनंदनचा माल चोख. मग उंदीर मारले ते मॅडमच्या रेणूनं.

शून्य आलं, तर रेणूवर दोष येत नाही. मग उंदीर मारले ते अभिनंदनच्या मालातल्या परक्या अर्ध्यानं आणि त्याची साडेतीन वर्षं पाण्यात.

तिसरा रस्ता नव्हता.

* * *

दिवा नारिंगी झाला.

"एनएमआर जुळलाय, मॅडम," अभिनंदन म्हणाला. "एकूण एक रेघ."

मॅडमनी टेबलावरच्या खोक्यातून एक रबरी हातमोजा काढला. डाव्या हातात घातला. बोटं हलवून पाहिली. मग काढला आणि उजव्या हातात घातला.

"बसला?"

"बसला."

"कोणत्या हाताचा आहे?"

आम्ही सगळे तेच मोजे वापरतो. ते दोन्ही हातांना बसतात, म्हणून तर स्वस्त पडतात.

मॅडमनी मोजा काढून त्याची नीट घडी केली.

"तुझ्या एनएमआरला विचार," त्या म्हणाल्या.

...

"हे पुढच्या आठवड्यात केलं तर? माल फार थोडा राहिलाय, मॅडम."

"यात माल जातो का?"

जात नाही. क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवायचा, नळीत भरायचा, आकडा घ्यायचा. मग क्लोरोफॉर्म उडवून टाकलं, की माल घातला तेवढा परत मिळतो. हे त्याला कळत होतं. तेवढीच पळवाट होती, तीही बंद झाली.

"तुम्हाला भीती नाही वाटत?"

"वाटते."

"कोणत्या आकड्याची?"

"दोन्ही आकड्यांची."

त्यानं त्यांच्याकडे पाहिलं. चार वर्षांत त्यांना भीती वाटते हे त्यानं पहिल्यांदा ऐकलं होतं. त्यानं धीर यायच्या ऐवजी उरलासुरला गेला.

"बाटली दे," त्या म्हणाल्या. "मी नळी भरून आणते. तू डोळे अंधाराला सरावू दे."

त्यानं खिशातून बाटली काढली. बुचाभोवती टेप गुंडाळलेली, चिठ्ठीवर सतरा. मॅडम पडद्याबाहेर गेल्या.

* * *

दिवा आता पुरता पिवळा झाला.

त्या उजेडात दुसरा रंग राहत नाही. लाल बुचं काळी दिसतात. अभिनंदननं आपले हात पाहिले. ते त्याचे वाटेनात. नखं राखाडी, शिरा काळ्या. त्यानं हात खिशात घातले.

त्याला बुधवारचा पिंजरा आठवला. नऊ उंदीर एकाच कोपऱ्यात, एकमेकांवर चढून गेलेले. उरलेले दोघं विरुद्ध कोपऱ्यात बसून होते आणि इकडे येत नव्हते.

मग त्याला चौथी पायरी आठवली. खरं म्हणजे ती तो कधी विसरलाच नव्हता.

चौथ्या पायरीवर त्या रेणूत डावं-उजवं ठरवणारं एकच वळण असतं. पुढची सगळी वळणं त्याच्याकडे बघून बसतात. तिथे अल्कली घातली, की फ्लास्क बर्फात ठेवून वीस मिनिटांत आवरावं लागतं. जास्त वेळ राहिला, तर ते वळण सैल होतं आणि परत बसताना निम्मं डावं, निम्मं उजवं बसतं.

त्या दिवशी त्याच्या पोस्टरला पहिलं बक्षीस मिळालं होतं. सभागृहातून बोलावणं आलं. पाच मिनिटांत येतो म्हणून तो गेला. मग फोटो झाले, भाषणं झाली, चहा झाला. परत आला तेव्हा बर्फाचं पाणी झालं होतं आणि ते पाणीही कोमट होतं.

त्यानं माल तपासला, तर पट्टीवर डाग एकच होता, म्हणजे भेसळ दिसत नव्हती. एनएमआरही बरोबर. पोलारिमीटरवर जायला हवं होतं. तो गेला नाही. वहीत त्या जागी मागच्या छोट्या बॅचचा आकडा उतरवला आणि पाचव्या पायरीला लागला.

तेरा पायऱ्या तो त्या आकड्यावर चढला.

पडदा हलला. मॅडम आत आल्या. हातात काचेची लांब नळी होती, दोन्ही टोकांना बुचं लावलेली. त्यांनी ती खाचेत ठेवली आणि वरचं झाकण लावलं.

"कोण बघणार?" त्यांनी विचारलं.

* * *

या यंत्राला दोन माणसं लागतात. मॅडमच्या हाताखाली तरी लागतात.

एकानं दुर्बिणीतून बघायचं. आत एक गोल दिसतो, अर्धा काळा आणि अर्धा उजळ. बाजूचं चक्र फिरवून दोन्ही अर्धे सारखे करायचे, की झालं. आकडा चक्राच्या कडेला असतो. तो दुसऱ्यानं भिंगातून वाचायचा आणि लिहून घ्यायचा. बघणाऱ्याला आकडा दिसला, की त्याचा हात हव्या त्या आकड्याशी जाऊन थांबतो. थांबणारा लबाडच असतो असं नाही.

"मी बघतो," अभिनंदन म्हणाला. "तुम्ही वाचा."

तो स्टुलावर बसला. दुर्बिणीला डोळा लावला. चक्राला हात लावला.

...

आणि त्याच्या मनात आलं, आकडा वाचणार कोण? शून्य आलं तर जिचा रेणू वाचतो, ती बाई.

असला विचार आपल्या मनात यावा, याची त्याला लाज वाटली. पण लाजेनं भीती कमी होत नाही. तो उठला.

"नको. तुम्ही बघा. मी वाचतो."

मॅडम क्षणभर त्याच्याकडे बघत राहिल्या. पिवळ्या उजेडात त्यांचा चेहरा मेणाचा दिसत होता.

"बरं," त्या म्हणाल्या, आणि त्याच्या जागी बसल्या.

त्यानं वही गुडघ्यावर घेतली. भिंगाशी वाकला. चक्र हळूहळू फिरलं, पुढे गेलं, मागे आलं, थांबलं.

"झालं," मॅडम म्हणाल्या. त्यांचा डोळा दुर्बिणीलाच होता.

त्यानं वाचलं.

शून्य.

त्यानं डोळा चोळून पुन्हा वाचलं. शून्याच्या रेघेवर शून्याची रेघ होती.

"लिहिलंस?"

"...हो."

मॅडमनी चक्र मुद्दाम विस्कटलं आणि पुन्हा जुळवलं. शून्य. तिसऱ्यांदा शून्य. चौथ्या वेळी त्यानं मनात पद्मावती देवीला हात जोडले, तरी शून्य. पाचव्या वेळी भिंगाच्या काचेवर त्याच्याच श्वासाचं धुकं जमलं. ते त्यानं बाहीनं पुसलं. खाली शून्यच होतं.

वही मात्र कोरी होती. त्यानं एकही आकडा लिहिला नव्हता.

"काय आलं?" मॅडमनी विचारलं.

त्यानं कोऱ्या पानाकडे पाहिलं.

खोलीत दिव्याची बारीक गुणगुण होती. मॅडमची पाठ त्याच्याकडे होती. आकडा खोलीत एकट्या त्यालाच माहीत होता. उणे सव्वा, एवढंच म्हणायचं. चार वाजता अहवाल जाईल. तीस वर्षांपूर्वीचा एक रेणू विषारी ठरेल. झाडाची साल झाडाला राहील, त्याला पदवी मिळेल. मेलेले उंदीर काही बोलायला येणार नव्हते.

त्यानं पेन्सिल वहीवर आडवी ठेवली.

"मी काहीही सांगू शकतो, मॅडम."

"हो."

"तुम्हाला कळायचं नाही."

"नाही कळायचं."

...

"मग मला का वाचू दिलंत?"

"तू मागितलंस."

"मी का मागितलं, ते तुम्हाला माहीत होतं."

"होतं."

त्या वळल्या नाहीत. त्या वळल्या असत्या, तर आपण खोटं बोललो असतो, असं अभिनंदन मला पुढे म्हणाला. तोंडावर माणूस बेधडक खोटं बोलतो. पाठमोऱ्या माणसाशी खोटं बोलणं त्याला जमेना.

"शून्य," तो म्हणाला.

"पाचही वेळा?"

"पाचही वेळा." आणि मग बांध फुटला. पोस्टरचं बक्षीस, वितळलेला बर्फ, कोमट पाणी, वहीतला मागच्या बॅचचा आकडा, सगळं त्यानं सांगितलं. आपण अडीच वर्षं या खोलीच्या दारावरून जायचं टाळत होतो, हेही सांगितलं.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. डोळा दुर्बिणीलाच ठेवून.

"किती वाजले?" त्यांनी विचारलं.

त्यानं घड्याळ पाहिलं. "दोन वीस."

तो उठून बाहेर गेला.

* * *

कोठाराशेजारी भिंतीवर फोन आहे. मी तिथेच बाटल्यांची यादी करत होतो, त्यामुळे हे माझ्या कानांनी ऐकलेलं.

"मुजावर मॅडम, मगदूम बोलतोय... अहवाल पाठवू नका... नाही, डोसची चूक नाही. मालाची आहे. मी न तपासता दिला होता... हो. चौथ्या पायरीचा आकडा वहीत मी खोटा लिहिलाय... नाही, केंकरे मॅडमना माहीत नव्हतं. मीच लिहिला."

पलीकडून बराच वेळ बोलणं आलं. तो भिंतीला टेकून ऐकत होता.

"लेखी देतो," तो म्हणाला. "आजच देतो."

फोन ठेवून तो तसाच उभा राहिला. मी स्टूल पुढे केलं.

"पाणी हवं का रे?"

"नको, काका."

तो पुन्हा पडद्याआड गेला.

* * *

मॅडम उठून उभ्या होत्या. त्यांनी झाकण उघडून नळी काढून ठेवली होती.

"सांगितलं?"

"सांगितलं. लेखी मागितलंय."

त्यांनी मान हलवली. मग ॲप्रनच्या खिशात हात घातला आणि एक बोटाएवढी बाटली त्याच्यासमोर टेबलावर ठेवली.

चिठ्ठीवर सतरा. बुचाभोवतीची टेप तशीच होती. तिचं टोक कुणी उचललंही नव्हतं.

अभिनंदन बाटलीकडे बघत राहिला. मग नळीकडे. मग भिंतीवरच्या पुठ्ठ्याकडे. चार वर्षांनी त्यानं त्यातली दुसरी ओळ वाचली.

"ते... नुसतं क्लोरोफॉर्म होतं?"

"आधी कोरी नळी घेतात, तिचा आकडा मग मालाच्या आकड्यातून वजा करायला," मॅडम म्हणाल्या. "नव्या मुलांना तूच शिकवतोस."

"तुम्ही मला फसवलंत."

"नळी भरून आणते, म्हटलं होतं. कशानं, ते तू विचारलं नाहीस."

त्याला राग आला होता. पण तो धरून ठेवायला अंगात बळ नव्हतं. त्यानं बाटली उचलली. पूड तशीच होती, चिमूटभर, पिवळ्या उजेडात पिवळी.

"म्हणजे माल अजून..."

"अजून कुणालाच माहीत नाही. मलाही नाही."

आता त्याला नवीनच भीती वाटली. बर्फ वितळूनही ते वळण टिकलं असलं तर? उणे सव्वा आलं तर? मग त्यानं फोनवर जे कबूल केलं ते फुकटच, आणि विष समोरच्या या बाईच्या रेणूत. तिचे दोन महिने राहिले होते. आपल्याला शून्यच यावं असं वाटतंय, हे त्याच्या ध्यानात आलं आणि तो दचकला.

त्यानं टेप सोडवली. मालात मोजून क्लोरोफॉर्म घातलं आणि नळी भरली. एक थेंब सांडला नाही. नळी खाचेत ठेवून त्यानं झाकण लावलं.

मग त्यानं वही आणि पेन्सिल मॅडमच्या हातात दिली.

"तुम्ही वाचा," तो म्हणाला. "मी बघतो."

मॅडमनी चष्मा सारखा केला आणि भिंगाशी वाकल्या.

तो दुर्बिणीशी बसला. आत गोल होता, अर्धा काळा आणि अर्धा उजळ. त्यानं चक्र फिरवलं. किती फिरवलं, ते त्यानं मनात धरलं नाही. दोन्ही अर्धे सारखे झाले तिथे तो थांबला.

"झालं."

पेन्सिलचा आवाज आला.

त्यानं विस्कटलं, जुळवलं. "झालं."

पाच वेळा पेन्सिल चालली. पाचव्या वेळी ती थोडी जास्त वेळ थांबून मग चालली, असं त्याला वाटलं. ते खरं की भास, हे त्याला आजही सांगता येत नाही.

मॅडमनी वही मिटली.

"किती, मॅडम?"

त्यांनी मिटलेली वही त्याच्या हातात दिली. आपली बोटं मात्र तिच्यावरून लगेच काढली नाहीत. ती गार होती.

"आधी त्यातून शून्य वजा कर."